कॉक्लिअर इम्प्लांट एका कानात की दोन्ही? वापरणाऱ्यांनी दिलेल्या गुणांवरून केलेलं परीक्षण

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे ऑपरेशनने कानाच्या आत बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून श्रवणाच्या नसेला संकेत देणारं यंत्र; कानामागचं मशीन, म्हणजे प्रोसेसर, आवाज टिपतं आणि डोक्याला चुंबकाने चिकटणाऱ्या कॉइलमधून आत पाठवतं. शांत खोलीत समोरासमोर बसून एकाच माणसाशी बोलायचं असेल, तर एका कानातलं इम्प्लांट आणि दोन्ही कानांतलं, यांत वापरणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही. अडचण अशी की दवाखान्यातली चाचणी बहुतेक वेळा याच परिस्थितीत होते. म्हणून "एकाच कानाने एवढं छान ऐकू येतंय, मग दुसऱ्यावर लाखो रुपये कशाला?" आणि "देवाने दोन कान दिलेत, दोन्ही करून टाका" ही दोन्ही मतं सोलापुरात सारख्याच ठामपणे ऐकायला मिळतात. दोन्ही अर्धवट आहेत. दुसऱ्या कानाचा उपयोग केबिनमध्ये दिसत नाही. तो सात रस्ता चौकात रस्ता ओलांडताना दिसतो, लग्नाच्या पंगतीत दिसतो आणि संध्याकाळी डोकं किती शिणलंय त्यावरून कळतो.

हे मोजायचं कसं? वापरणाऱ्यालाच विचारून. त्यासाठी जगभर खूप वापरली जाते ती एसएसक्यू (स्पीच, स्पेशियल अँड क्वालिटीज ऑफ हिअरिंग स्केल) ही प्रश्नावली. २००४ साली स्टुअर्ट गेटहाउस आणि विल्यम नोबल यांनी ती तयार केली. एकूण ४९ प्रश्न: बोलणं समजण्याचे १४, दिशा आणि अंतर ओळखण्याचे १७, आवाजाच्या दर्जाचे १८. प्रत्येक प्रश्नाला ० ते १० गुण. ० म्हणजे अजिबात जमत नाही, १० म्हणजे अगदी व्यवस्थित जमतं. टीव्ही चालू असताना समोरच्याचं बोलणं कळतं का, पाच जणांच्या गप्पा चालल्यात तर धागा धरता येतो का, कुत्रा भुंकला तर कुठे भुंकला ते न बघता सांगता येतं का, गाडी जवळ येतेय की लांब जातेय, ऐकताना लक्ष किती ताणावं लागतं, असे साधे रोजचे प्रश्न असतात.

एका कानाच्या आणि दोन कानांच्या वापरकर्त्यांचे गुण शेजारी ठेवले की सर्वांत मोठी दरी दिसते ती दिशेच्या भागात. गर्दीतलं बोलणं त्यानंतर, आणि शांततेतलं बोलणं सर्वांत शेवटी.

दोन अभ्यास इथे सांगण्यासारखे आहेत, कारण दोन्हींत लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं गटांत वाटलं होतं. नाहीतर ज्यांना हौस आणि ऐपत आहे तेच दोन कान करतात आणि तेच छान छान सांगतात, असा आक्षेप राहतो. नेदरलँड्समध्ये ३८ प्रौढांपैकी निम्म्यांना एकाच वेळी दोन्ही कानांत आणि निम्म्यांना एकाच कानात इम्प्लांट दिलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: बोलणं आणि गोंगाट दोन्ही समोरूनच येत असतील तर फरक नाही, दोन्ही वेगवेगळ्या बाजूंनी येत असतील तर दोन कानवाले स्पष्टपणे पुढे. दिशा ओळखण्यातही तेच पुढे. लोकांनी स्वतः दिलेले गुणही त्याच बाजूने गेले.

ब्रिटनमधला २००६ चा अभ्यास जास्त प्रामाणिक वाटतो. २४ प्रौढांना, ज्यांच्या एका कानात आधीच इम्प्लांट होतं, दुसरं दिलं. काहींना लगेच, काहींना वर्षभर थांबवून. ऐकण्याचे गुण तिन्ही भागांत वाढले. पण एकूण जगण्याच्या समाधानाचे गुण फारसे हलले नाहीत, कारण काही जणांच्या कानातली गुणगुण, म्हणजे टिनिटस, दुसऱ्या ऑपरेशननंतर वाढली आणि एका हाताने मिळालेलं दुसऱ्या हाताने गेलं. दुसऱ्या कानाचा विचार करणाऱ्या प्रौढाने हा मुद्दा सर्जनना सरळ विचारावा. कानात आधीच गुणगुण असेल तर ती किती वेळ आणि किती त्रासदायक असते हे ऑपरेशनआधी लिहून ठेवावं.

दुसऱ्या कानाने नेमकं काय होतं? पहिला आणि सर्वांत भरवशाचा फायदा म्हणजे डोक्याची सावली टळते. डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानापर्यंत येताना मधे डोकं आडवं येतं. जाड, खालच्या पट्टीचा आवाज वळसा घालून येतो. बारीक, वरच्या पट्टीचा अडतो. स, श, च हे वर्ण वरच्या पट्टीत असतात. त्यामुळे ज्याच्या फक्त उजव्या कानात इम्प्लांट आहे त्याला डावीकडून आलेल्या "शाळा" आणि "काळा" यांतला फरक निसटतो, जरी आवाज मोठा असला तरी. दोन कान असले की नेहमी एक कान बोलणाऱ्याच्या बाजूला असतोच. यासाठी मेंदूला काही शिकावं लागत नाही, म्हणून हा फायदा लवकर मिळतो.

दिशेचं गणित जरा वेगळं आहे. निरोगी कान दोन गोष्टींवरून दिशा काढतात: आवाज कुठल्या कानात आधी पोचला, आणि कुठल्या कानात मोठा आहे. आधी-नंतरचा फरक जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास असतो. दोन प्रोसेसर आपापल्या घड्याळावर चालतात, इलेक्ट्रोडमधून हा सूक्ष्म फरक नीट पोचत नाही. उरतो तो लहान-मोठेपणाचा फरक. त्यावर दोन कानवाला माणूस डावं-उजवं बऱ्यापैकी ओळखतो, चूक साधारण २० ते ३० अंशांची. एक कानवाल्याचं उत्तर मात्र बहुतेक अंदाजच असतो.

पण पुढे की मागे, हे दोन इम्प्लांट असूनही चुकतं. ते ओळखायला कानाच्या पाळीचा आकार लागतो आणि प्रोसेसरचे माइक पाळीच्या वर बसलेले असतात. सात रस्त्याला मागून येणारी रिक्षा समोर आहे असं वाटू शकतं. उपाय एकच: आवाज आला की मान किंचित वळवायची, फरक बदलला की बाजू कळते. ही सवय शिकवावी लागते आणि फार कमी ठिकाणी शिकवली जाते.

यंत्रमागाच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांनी मात्र दुसऱ्या कानाकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. तिथे आवाज चारी बाजूंनी सारखाच येतो, भिंतींवरून आणि पत्र्यावरून परत येतो, आणि पातळी ९० डेसिबलच्या वर असते. सावलीचा फायदा मिळायला गोंगाट एका बाजूला आणि बोलणं दुसऱ्या बाजूला हवं. अशोक चौक किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या शेडमध्ये ज्यांचे कान शाबूत आहेत तेही खुणांनीच बोलतात. उलट सुताचा बारीक भुगा माइकच्या जाळीत बसतो आणि आवाज हळूहळू दबत जातो. हे इतकं सावकाश होतं की माणसाला वाटतं आपलंच ऐकणं कमी झालं. माइकचं कव्हर बदलण्याची कंपनीची मुदत साधारण तीन महिन्यांची असते. शेडमध्ये त्याच्या आधीच बदला.

दोन कान असूनही दिशा कळत नाही अशी तक्रार असेल तर इम्प्लांटला दोष देण्याआधी सेटिंग बघा. एका बाजूचा व्हॉल्यूम वाढवला की सगळे आवाज त्याच बाजूला ओढले जातात. एका मशीनवर रोजचा प्रोग्रॅम आणि दुसऱ्यावर गोंगाटाचा लावला, तर एक माइक सगळीकडचं घेतो, दुसरा फक्त समोरचं. दिशा तिथेच संपली. दोन्ही बाजूंना तोच प्रोग्रॅम, तोच व्हॉल्यूम. मॅपिंगच्या, म्हणजे प्रोसेसरमध्ये आवाजाच्या पातळ्या बसवून देण्याच्या वेळी प्रत्येक कान वेगळा बसवून झाल्यावर दोन्ही एकत्र चालू करून आवाज मधोमध येतो का हे तपासायला सांगा. घाईत वगळली जाते ती हीच पायरी. आवाज मधोमध येत नसेल तर तसं सांगून दुरुस्ती करून घ्या. सवय होईल म्हणून घरी येऊ नका.

सोलापूरहून मॅपिंगसाठी पुणे म्हणजे सुमारे २५० किलोमीटर. दोन कानांना वेळ जास्त लागतो, म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच दोन कानांची सांगून घ्या. नाहीतर एक कान होतो आणि दुसऱ्यासाठी पुन्हा हुतात्मा एक्सप्रेस. मोबाइलवरून तपासणी किंवा बदल करून देण्याची सोय काही कंपन्यांच्या नव्या प्रोसेसरना आहे. आपल्या मॉडेलला आहे का, हे खरेदीआधी लेखी विचारावं.

आता एका कानाची बाजू. ज्यांनी एकच केलंय किंवा एकच परवडतंय त्यांनी हातपाय गाळायचं कारण नाही. बराचसा तोटा जागा निवडून भरून निघतो. इम्प्लांट उजव्या कानात असेल तर एसटीत डाव्या रांगेतली खिडकी पकडा: सोबतचा माणूस उजवीकडे येतो, वारा आणि रस्ता बंद कानाकडे जातो. कारमध्ये पुढे डावीकडे बसा, चालवणारा आपोआप उजवीकडे. स्वतः चालवत असाल तर नेमकं उलटं होतं: शेजारचा माणूस सावलीत आणि उघड्या काचेतून सगळा होटगी रोड इम्प्लांटच्या कानात. म्हणून बाकी सगळं सारखं असेल आणि माणूस रोज गाडी चालवणारा असेल, तर कुठला कान निवडायचा या चर्चेत डाव्या कानाचं नाव जरूर काढावं. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकाला उजव्या इम्प्लांटवाल्याने सभागृहाच्या डाव्या भागात बसावं, रंगमंच उजव्या पुढच्या बाजूला येतो. लग्नाच्या पंगतीत टोकाची जागा, बंद कान भिंतीकडे.

दुसऱ्या कानात थोडंफार, विशेषतः जाड आवाजाचं ऐकणं शिल्लक असेल तर तिथे साधं कानाचं मशीन लावणं ही आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित सोय आहे. स्वरांची उंच-नीच इम्प्लांटला नीट देता येत नाही, ती मशीन देतं. गाणं आणि ओळखीचा आवाज जास्त खरा वाटतो. पण मशीन इम्प्लांटच्या मॅपिंगनंतर नव्याने जुळवून घ्यावं लागतं. दोन्हींचा आवाज सारखा मोठा हवा. जुन्या सेटिंगवर तसंच लावलं की ते खटकतं आणि पेटीत जातं. निदान तीन ते सहा महिने रोज वापरून गुण द्यावेत, मग दुसऱ्या ऑपरेशनचं बोलावं. कारण ऑपरेशनने ते शिल्लक ऐकणं जाण्याची शक्यता असते. कानात काहीच शिल्लक नसेल तर मात्र मशीनवर पैसे घालू नका. अ‍ॅडव्हान्स्ड बायोनिक्सच्या काही प्रोसेसरना क्रॉस नावाची जोड मिळते: बंद कानावर नुसता माइक, तो आवाज इम्प्लांटच्या कानाकडे पाठवतो. सावली जाते, दिशा मिळत नाही, ऑपरेशन लागत नाही. आणि शाळेतल्या मुलासाठी शिक्षकांच्या गळ्यातला वायरलेस माइक वर्गात जेवढा उपयोगी पडतो तेवढा दुसरा कान क्वचितच पडतो. चाळीस मुलांच्या वर्गात पंखे फिरत असताना तर नक्कीच.

मुलांचा हिशेब प्रौढांपेक्षा वेगळा आहे आणि इथे आम्ही दोन कानांच्या बाजूने झुकतो, पण वेळेची अट घालून. जन्मतः बहिऱ्या मुलाचा मेंदू ऐकण्यासाठी पहिली साडेतीन वर्षं सर्वांत तयार असतो. एक कान वयाच्या दुसऱ्या वर्षी केला आणि दुसरा दहाव्या वर्षी, तर मधल्या काळात मेंदू एकाच कानाचा झालेला असतो. दोन ऑपरेशनमधलं अंतर दीड वर्षाच्या पुढे गेलं की ही एकतर्फी ओढ दिसू लागते. मोठं झालेलं मूल नवीन कान लावतं, "नुसता कचकच आवाज येतो" म्हणतं आणि कॉइल काढून ठेवतं. घरचे म्हणतात मशीन खराब आहे. मशीन ठीक असतं; उशीर झालेला असतो. ब्रिटनमध्ये २००९ पासून सरकारी सेवेत मुलांना दोन्ही कानांत एकदम इम्प्लांट देण्याची शिफारस आहे, प्रौढांना मात्र अंधत्व किंवा तसंच दुसरं अपंगत्व असेल तरच. ज्याला दिसत नाही त्याला दिशेसाठी कानच आहेत, हा विचार आपल्याकडेही लागू व्हायला हरकत नाही.

आपल्याकडे अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून मिळतं ते एका कानाचं. मुंबईतली अली यावर जंग संस्था हे काम पाहते. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी वयाची अट पाच वर्षांपर्यंतची आहे आणि उत्पन्नाचीही अट आहे. योजनेतून एक कान करून दुसरा स्वतः करायचा असेल, तर पैसे जमवायला लागणारा काळ आणि वरची दीड वर्षं यांची सांगड आधीच घालावी. ती बसत नसेल तर त्याच पैशातून वाचा-भाषा उपचार, सुटे भाग आणि वायरलेस माइक घ्यावा. उपचार अर्धवट सोडून दुसरा कान घेणाऱ्या घरात दोन्ही कान कमी वापरले जातात.

प्रौढांत दुसरा कान नंतर केला तर तो सुरुवातीला पहिल्यापेक्षा वाईटच वाटतो. स्विच ऑन, म्हणजे प्रोसेसर पहिल्यांदा चालू करणं, ऑपरेशननंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी होतो. त्यानंतर रोज एक-दोन तास पहिला बंद ठेवून फक्त नवा कान वापरायचा: घरातल्या एका माणसाशी बोलणं, मोबाइलवरून थेट प्रोसेसरमध्ये बातम्या, समोर मजकूर धरून. बाकीचा दिवस दोन्ही. हे केलं नाही तर मेंदू जुन्याच कानाचं ऐकत राहतो. पहिल्या आठवड्यात गुण घेऊ नका. ऑपरेशनआधी, सहा महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी घ्या. सरासरीत एका गुणापेक्षा कमी फरक पडला असेल तर आम्ही त्याला फरक मानत नाही.

प्रश्नावली भरताना दोन चुका हमखास होतात. जो प्रसंग आयुष्यात येतच नाही त्याला लोक ० देतात. तिथे "लागू नाही" अशी खूण करायची असते, नाहीतर सरासरी विनाकारण पडते. दुसरी चूक घरच्यांची. वाचून दाखवणारा "तुम्हाला कळतं की हो आता" असं म्हणत स्वतःच गुण देऊन टाकतो. सोलापुरात एकाच घरात मराठी, तेलुगू, कन्नड किंवा दखनी चालते. माणूस ज्या भाषेत भांडतो त्या भाषेत प्रश्न वाचून दाखवा, आणि दाखवणारा शक्यतो घराबाहेरचा असू द्या. एक कानवाल्यांचे गुण बहिरेपणाशी तुलना करून येतात, म्हणून ते चढे असतात; त्यांना "एकूण बरं आहे का" विचारण्यात अर्थ नाही, दिशेचे १७ प्रश्न वेगळे काढून विचारा. ऐकायला किती लक्ष ताणावं लागतं तो प्रश्नही सोडू नका. गड्ड्याच्या यात्रेत दोन तास फिरून आल्यावर माणूस बोलतो की गप्प पडतो, यावर बरंच काही कळतं.

देखभालीचा भार दुसऱ्या कानाने सरळ दुप्पट होतो. ६७५ नंबरच्या दोन सेलवर एक मशीन साधारण दोन-तीन दिवस चालतं. दोन मशीनना महिन्याला चाळीस ते साठ सेल धरा. हे सेल हवेवर चालतात: स्टिकर काढल्यावर दोन-तीन मिनिटं उघडे ठेवून मग बसवा. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत ते आतून सुकतात आणि लवकर संपतात, तेव्हा एकदम मोठा साठा करू नका. घाम वेगळाच. रात्रभर दोन्ही मशीन ड्रायरच्या डबीत, तिच्यातल्या ओल शोषणाऱ्या कॅप्सूलचा रंग बदलला की कॅप्सूल नवी. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर काहीही ठेवायचं नाही. सर्वांत आधी तुटते ती कॉइलची केबल, त्यामुळे एक जादा केबल घरात असावीच. दोन कानांचा एक व्यावहारिक फायदा इथे आहे: एक मशीन दुरुस्तीला गेलं तरी माणूस मुका-बहिरा होऊन बसत नाही. उजव्याला लाल, डाव्याला निळी खूण असते. मशीन अदलाबदल झाली तर नवी मॉडेल्स चालूच होत नाहीत, पण जुन्यांत चुकीचा मॅप वाजू शकतो.

दुसऱ्या ऑपरेशनआधी तोल सांभाळणाऱ्या भागाची तपासणी मागा. दोन्ही बाजूंना इजा झाली तर अंधारात चालणं कठीण होतं. मेंदूज्वरापासून बचाव करणारी न्यूमोकोकलची लस झालीय का ते बघा. पुढे कधी एमआरआय लागला तर आत दोन चुंबक असतील, म्हणून दोन्ही मॉडेलची कार्डं पाकिटात ठेवा.

आमचे गुण, पाचपैकी. एक कान: शांततेत ४, गोंगाटात अडीच, दिशेला अर्धा. दोन कान: शांततेत सव्वाचार, गोंगाटात साडेतीन, दिशेला ३. पैशाच्या मानाने मात्र एक कान, दुसऱ्यात नीट जुळवलेलं मशीन आणि न चुकता घेतलेले उपचार, ही जोडी सोलापुरातल्या बहुतेक प्रौढांसाठी पहिली पसंती. तीन वर्षांच्या आतलं मूल आणि हातात पैसे असतील तर दोन्ही एकदम.

दुसऱ्या कानाचं कोटेशन मागताना कंपनी तीच ठेवा, नाहीतर दोन रिमोट, दोन चार्जर आणि फोनचा आवाज एकाच कानात. पहिला प्रोसेसर जुना झाला असेल तर नव्याशी तो जोडीने चालतो का, की तोही बदलावा लागेल आणि कितीला, हे त्याच कागदावर लिहून घ्या. आतल्या भागाची वॉरंटी साधारण दहा वर्षांची असते, बाहेरच्या प्रोसेसरची तीन ते पाच. दोन्ही प्रोसेसरची मुदत एकाच वर्षी संपणार असेल, तर त्या वर्षाचा खर्च आजच वहीत मांडून बघा.